तहसीलदाराचा मृत्यू आणि बंद पडणारी पिकअप

१

तहसीलदार मेला तेव्हा पिकअप बंद होती, ऊन चालू होतं आणि बिभीषण बोनेटमध्ये डोकं घालून उभा होता.

तहसीलदार म्हणजे मेंढा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण बातमी वस्तीवरून आडूळला पोचेस्तोवर तिच्यातला मेंढा गळून पडला होता आणि दोघाजणांनी आज कचेरीला सुट्टी आहे का, अशी फोनवर चौकशीही केली होती. कुणी कितीही हाका मारल्या तरी हा मेंढा मान वर करत नसे, म्हणून बिभीषणाच्या थोरल्या भावानं, केरबानं, त्याचं नाव तहसीलदार ठेवलं होतं. पाचोडच्या बाजाराला तो विकायला जात नसे, नुसता दाखवायला जाई. त्याला बघून लोक बाकीची मेंढरं घेत.

पिकअप लष्कराच्या लिलावातली. जुनी, पेट्रोलची, कार्बोरेटरवाली. सीमेवर काय काय बघून आलेली ही गाडी पाचोडच्या बाजाराला मात्र घाबरायला लागली होती. एरवी वस्तीवर, शेतात, चारा आणायला ती कुठंही जायची. पण बाजारच्या दिवशी मेंढरं भरून निघाली की आडूळ सोडल्यावर लिंबाखालच्या ढाब्यापाशी दोन आचके द्यायची आणि गप्प व्हायची. दर बाजाराला तिथंच. आणि दर बाजाराला ढाब्यावर सर्जेराव व्यापारी चहा पीत बसलेला असायचा. बाजार हुकला की अडलेली मेंढरं तोच घ्यायचा, पडत्या भावानं.

मग गाडी मुद्दाम कोण बंद पाडतं, हे ठरवायला केरबाला वेळ लागला नाही. गाडी चालवतो कोण? बिभीषण. फायदा कुणाचा? सर्जेरावाचा. दोघं बोलताना दिसले का? दिसले. आईनं धाकट्याचं नाव ठेवताना तिच्या डोळ्यांपुढं न्यायाची बाजू घेणारा बिभीषण होता. वस्तीला मात्र त्या नावावरून एकच गोष्ट आठवायची, घरचा भेदी. नावातच कबुलीजबाब असलेल्या माणसाची वकिली कोण करणार?

तहसीलदाराला पुरल्यावर केरबा तडक खंडोबाच्या देवळात गेला. चार वडीलधाऱ्यांसमोर त्यानं बेल-भंडारा उचलला. आता बेल-भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे शब्द. तो मोडला तर माणूस मोडतो, अशी तिथली समजूत.

"तहसीलदार ज्याच्यापायी गेला," केरबा म्हणाला, "त्यानं माझ्या घराचा उंबरा पुन्यांदा चढायचा नाय. मंग तो माझ्या रक्ताचा असला तरी. पुढल्या बाजारापत्तुर छडा लावतो."

बोलताना तो देवाकडं बघत नव्हता. बिभीषणाकडं बघत होता.

घरी बिभीषणाच्या बायकोनं, रत्नमालेनं, काही न विचारता पेटीतली लुगडी काढली आणि गाठोडं बांधायला घेतलं.

२

तहसीलदाराच्या कानात विम्याचा बिल्ला होता. म्हणून शहरातून, क्रांती चौकातल्या एका विमा ऑफिसातून चौकशीला सुकेशनी आली. स्कूटरवर, हेल्मेट न काढता.

तिनं डिप्लोमा गाड्यांचा केला होता, नोकरी गाड्यांच्या अपघातांची मागितली होती आणि मिळाली होती जनावरांच्या मृत्यूंची. त्यामुळं मेलेल्या मेंढ्यामागं एक बंद पडणारी गाडी आहे हे कळल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला मयताच्या घरी आनंद म्हणणं बरं दिसलं नसतं.

"कशानं मेला?"

"ऊन लागून. डागदरानं लिवून दिलंय," केरबा म्हणाला. "पर उन्हात उभा केला कुनी, ते इचारा."

सुकेशनी बिभीषणाकडं वळली. "भाऊ, गाडी थांबते तिथं लिंबाचं झाड आहे ना? मग मेंढरं सावलीला का नाही उतरवली?"

बिभीषणानं केरबाकडं पाहिलं. केरबा दाव्याची गाठ तपासत होता.

"सुचलं नाय," बिभीषण म्हणाला.

"मेंढपाळाच्या पोराला सुचलं नाही?"

"नाय सुचलं म्हनलं ना."

तो खोटं बोलत होता, आणि ते त्याला इतकं वाईट जमलं की शेजारी बांधलेल्या शेळीनंही तोंड फिरवलं. सुकेशनीनं शेळीकडं पाहिलं, बिभीषणाकडं पाहिलं, आणि पुढं काही विचारलं नाही. बिभीषणाला तेच जास्त लागलं.

दोघांची आई बानाबाई ओसरीवर बसून कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. "पोरी, गाडीला काय झालेलं नाय," ती म्हणाली. "नजर लागलीया. पौषात एक कंटेनर माझ्या धाकल्याला चाटून गेला. केसभर वाचला. तवापासून सुरू झालंय समदं."

"पौषात? म्हणजे पहिल्यांदा बंद पडली ती थंडीत?"

"हुडहुडी भरत व्हती बाई."

सुकेशनीनं शेवटी हेल्मेट काढलं. "आडूळच्या मेकॅनिकला बोलवा," ती म्हणाली. "आणि आल्यावर एकही स्क्रू पिळू नको म्हणावं."

३

आदिनाथ मेकॅनिक आला तो स्वतःवरच्या आरोपाचं उत्तर तयार करून. ढाब्यापाशी गाडी बंद पडली की दर वेळी फोन त्यालाच जायचा.

"ताई, पयल्यांदा मला वाटलं जेटच्या बारीक भोकात कचरा अडकला. कार्बोरेटर खोललं, फुकलं, चालू! पुढल्या येळी वाटलं, पंप तापून पेट्रोलची वाफ व्हती. पंपाला वलं फडकं गुंडाळलं, चालू! मंग वाटलं, आजकालच्या पेट्रोलात उसाची दारू मिसळत्यात, जुन्या गाडीला ती पचत नाय. पुन्यांदा खोललं, पुसलं, चालू!"

"म्हणजे तुम्ही काहीही केलं की चालू होते."

"व्हय," आदिनाथ अभिमानानं म्हणाला.

"आणि काहीही केलं तरी पुढच्या बाजाराला बंद."

"व्हय," तो म्हणाला. या वेळी अभिमान जरा कमी होता.

"कचरा असता तर कुठंही अडकला असता. तो काय ढाबा बघून अडकतो? वाफ म्हणावं तर पौषात कुठली? आणि पेट्रोल खराब म्हणावं तर बाजारातून परत येताना तेच पेट्रोल असतं, तेव्हा का नाही थांबत?" सुकेशनी गाडीभोवती फिरत होती. "तुम्ही आल्या आल्या पहिलं काय करता?"

"वास घेतो."

"कुणाचा?"

"टाकीचा. झाकन काढून पेट्रोल हुंगल्याबिगर मी पान्याला हात लावत नाय. डागदर नाडी बगतो, तसं. झाकन काढलं की टाकी सुस्कारा सोडती बगा. दमलेली असती बिचारी."

सुकेशनी थांबली. काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात केरबा पुढं आला. "म्याडम, नुसतं बोलून काय? कार्बोरेटर खोला. आत काय निगतं ते तरी बगू."

आदिनाथनं कार्बोरेटरची खालची वाटी सोडवली. तिच्यात पेट्रोल साठतं आणि तिथून घोट घोट इंजिनात जातं. पेट्रोल ओतून टाकल्यावर वाटीच्या तळाशी पिवळाधमक गाळ दिसला. बारीक, भुकटीसारखा.



"औषध घातलंय," केरबा म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता, आणि वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होतं की केरबा ओरडतो तेव्हा काही होत नाही, आवाज खाली येतो तेव्हा होतं. "माझ्या गाडीला कुनीतरी औषध घातलंय."

बिभीषण वाटीवर वाकला. त्यानं आयुष्यात टाकीत पेट्रोलशिवाय काही घातलं नव्हतं. पण त्या गाळाकडं बघता बघता त्याला स्वतःचाच संशय यायला लागला.

सुकेशनीनं गाळ कागदाच्या पुडीत बांधून खिशात टाकला. "बाजारच्या दिवशी मीही येते. गाडी केरबाभाऊ चालवतील. बिभीषणभाऊ मागं बसतील. मेंढरांत."

४

बाजारच्या सकाळी बिभीषण मेंढरांत बसला. मेंढरांना त्याचं काही वाटलं नाही. तोच एकटा हिशेब करत होता. गाडी नीट चालली, तर तो चालवत नव्हता म्हणून चालली. म्हणजे तो चोर. गाडी थांबली, तर रात्रीच काहीतरी करून ठेवलं असणार. म्हणजे तो चोर आणि वर पाताळयंत्री.

निघण्याआधी बानाबाईनं खोबरेलात कालवलेला भंडारा सगळ्यांना लावला. वाऱ्यानं उडू नये म्हणून ती तो तेलात कालवायची. आधी मेंढरांच्या कपाळाला, मग केरबाला, बिभीषणाला, गाडीला, आणि नको नको म्हणताना सुकेशनीच्या हेल्मेटलाही. मग ती सुकेशनीला ढकलून पुढच्या सीटवर बसली. रत्नमाला दारात उभी होती. गाठोडं उंबऱ्याच्या आत होतं. अजून.

फाट्यावरच्या पंपावर केरबानं टाकी काठोकाठ भरून घेतली.

"दर बाजाराला फुल्ल?" सुकेशनीनं विचारलं. "आणि एरवी?"

"एरवी तळाशी असतं थोडंफार," केरबा म्हणाला.

"बाजाराला जानारं जनावर पोटभर चारून न्यावं," बानाबाईनं खुलासा केला. "खपाटीला गेलेलं पोट घेऊन बाजारात जात्यात व्हय?"

गाडी हमरस्त्याला लागली. आडूळ आलं. आडूळ गेलं. बिभीषणानं एका मेंढीच्या लोकरीत बोटं रुतवली. इंजिन एका सुरात चाललं होतं. एवढं गोड तर ते लिलावाच्या दिवशीही वाजलं नव्हतं. लिंबाचा शेंडा दिसायला लागला. केबिनमधून केरबानं मागच्या जाळीतून एकदा वळून पाहिलं. त्या नजरेत लिहिलेलं वाचायला शाळा लागत नव्हती: बग, आज चालली.

आणि गाडीनं आचका दिला.

केरबानं पाय दाबला. दुसरा आचका. मग टायरांचा आवाज तेवढा उरला. पिकअप घरंगळत लिंबापाशी आली आणि जिथं तहसीलदार मेला होता, बरोबर तिथं उभी राहिली.

ढाब्याच्या बाजेवर सर्जेराव बशीतून चहा पीत होता. "या," तो म्हणाला. "वाटच बगत व्हतो."

५

"हात लावू नका कुणी!" सुकेशनी उडी मारून उतरली. "आदिनाथभाऊंना येऊ द्या."

"पैलं मेंढरं खाली घ्या," केरबा म्हणाला. स्वतःच म्हणाला, आणि स्वतःच मागचा फाळका उघडला. मेंढरं लिंबाखाली गेली. बिभीषणानं हे पाहिलं आणि मान खाली घातली.

आदिनाथ मोटारसायकलवर आला, सवयीनं पाना काढायला गेला. सुकेशनीनं त्याचा हात धरला. "आज फक्त वास घ्यायचा."

"आन् कार्बोरेटर?"

"फक्त वास."

आदिनाथनं टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून लांब सुस्कारा आला आणि पत्र्यात कुठंतरी डब्ब असा आवाज झाला.

"किल्ली मारा, केरबाभाऊ."

स्टार्टर थोडा घरघरला आणि इंजिन लागलं. कार्बोरेटरला कुणी बोटही लावलं नव्हतं. आदिनाथचा चेहरा उतरला. इतक्या बाजारांची कारागिरी वासावर निघाली होती.

"आजी, कोकराला बाटली पाजता ना?" सुकेशनी म्हणाली. "बाटलीत हवा गेली नाही तर काय होतं?"

"बाटली चेपती. दूध यायचं बंद," बानाबाई म्हणाली. "मंग बूच जरा सैल करायचं."

"टाकीचं तेच होतंय. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला पाहिजे. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की इंजिनाला ओढून ओढून पेट्रोल येत नाही. टाकी काठोकाठ असली तर वर हवेला जागाच नसते, लवकर ओढ बसते. त्याच पंपावर टाकी भरायची, तेवढाच माल घेऊन त्याच रस्त्यानं यायचं, मग गाडी त्याच जागी उपाशी मरणार. येताना टाकी बरीच खाली गेलेली, आत हवा भरपूर, म्हणून निभावतं. गावात तर टाकी कधी भरतच नाही."

"पर भोक बुजवलं कुनी?" केरबानं विचारलं.

सुकेशनीनं झाकण हातात घेतलं. वरच्या खळग्यात तेलकट, मळकट थर घट्ट बसला होता. तिनं केसातली पिन काढून तो खरवडला. आतून पिवळा निघाला. वाटीतल्या गाळाची पुडी तिनं शेजारी उघडली. तोच पिवळा.

"केरबाभाऊ, चुन्याची डबी द्या."

तंबाखूचा चुना बोटावर घेऊन तिनं आधी झाकणावर लावला, मग गाळावर. दोन्हीकडं पिवळा रंग फिरला आणि बघता बघता लालभडक झाला.

हळद. चुन्यानं लाल होते ती हळद, हे वस्तीवरच्या शेंबड्या पोरालाही माहीत. आणि गाडीला हळद कोण लावणार? भंडाराच तो. झाकण उघडता मिटता त्यातलाच टाकीत सांडून कार्बोरेटरच्या वाटीत बसला होता.

बिभीषणाला इतरांच्या आधी उमगलं. त्याच्या डोळ्यांपुढं ते बोट आलं. सकाळीच त्याच्या कपाळाला लागलेलं.

"मी लावला," तो म्हणाला.

केरबाचा हात वर गेला.

"गप ऱ्हा रं," बानाबाई म्हणाली. "आंघोळ केल्याबिगर भंडाऱ्याला शिवायचं नसतं, आन् तू सकाळचा आंघोळ कवा करतो?" ती झाकणाकडं बघत राहिली. "म्या लावला. पौषापासून. गाडीचं तोंड तिथंच हाय ना? तिथूनच तिला घास देत्यात. म्हनलं, कपाळ काय सापडंना, तोंडाला लावू. मधी भोक दिसलं. वाटलं नाक असंल. तिथं चांगला दाबून लावला."

"आन् गाडी बंद पडली तवा?" केरबानं विचारलं.

"नजर भारी हाय म्हनून पुढल्या बाजाराला दोन बोटं लावला."

 बानाबाईनं डोईवरचा पदर सारखा केला आणि बाजेवर बसली. "केरबा, तू बेल-भंडारा उचललाय. तहसीलदार माझ्यापायी गेला. मी काय आता उंबरा चढत नाय. पोरांनो, तुमी जा."

६

केरबा उभ्या उभ्या पांढरा पडला. आईला घराबाहेर काढायची, की देवापुढचा शब्द मोडायचा?

"आजी, उठा," सुकेशनी म्हणाली. "गाडी तुम्ही थांबवलीत. पण थांबलेल्या गाडीत मेंढा मरत नाही. उन्हात कोंडून ठेवला तर मरतो. लिंब हा इथं आहे. मग तो उतरवला का नाही?"

"ताई, ऱ्हाऊ द्या की," बिभीषण घाईनं म्हणाला. "गाडीचं कळलं ना? झालं."

"सर्जेराव, त्या दिवशी तुम्ही होतात इथं."

"मी दर बाजाराला असतो. ही गाडी पौषापासून हितं पडती म्हनल्यावर मी न्याहारीच हितं हलवली. गिधाड कुनाला मारत नाय ताई, फकस्त टायमाला येतं." सर्जेरावानं बशी खाली ठेवली. "पर त्या दिशी मी ह्याला म्हनलं, उतरव लिंबाखाली, माज्याकडं गार पान्याचा ड्रम हाय. ह्यानं फोन लावला. 'उतरवू का दादा?' इतकंच बोलला. मंग फोन खिशात घातला आन् बोनेटमधी डोकं घातलं. डोळं पुसत व्हता. मला वाटलं पेट्रोल उडालं."

सगळे केरबाकडं बघायला लागले. बिभीषण तेवढा बघत नव्हता.

केरबाला आपलाच आवाज आठवला. तो फार हळू बोलला, जणू दुसऱ्या कुणाची साक्ष देत होता. "मी म्हनलो, येक बी जनावर खाली उतरवू नगं. सर्जेराव टपलाय. आदिनाथ येस्तोवर हलायचं नाय."

७

तारेच्या टोकानं झाकणाचं भोक मोकळं करून त्यांनी बाजार गाठला. मेंढरं थोडीच खपली, कारण सबंध बाजारात केरबा कुणाशीही भाव बोलला नाही. उरलेली घेऊन दिवस मावळताना ते वस्तीवर आले. गाडी कुठंच थांबली नाही. आता थांबली असती तर बरं, असं बिभीषणाला दोनदा वाटलं.

केरबा उतरला, मेंढरं उतरवली आणि अंगणातल्या दगडावर बसला. दार उघडं होतं. तो आत गेला नाही.

"आत ये," बानाबाई म्हणाली.

"बेल-भंडारा उचललाय आई."

रत्नमालेला सगळं सांगून झालं. तिनं गाठोड्याकडं पाहिलं, ते कुणाचं म्हणायचं हे तिला ठरवता येईना. मग तिनं चुलीवर भाकरी टाकली. केरबाचं ताट उंबऱ्यावरून बाहेर दिलं. बिभीषणाचं आत वाढलं. बिभीषण ताटापुढं बसला, उठला आणि ताट घेऊन बाहेर येऊन दगडाशेजारी टेकला. थोड्या वेळानं बानाबाई आली. मग रत्नमाला टोपलीच घेऊन आली.

"देवळात बोलला का नाय, फोन माझा व्हता म्हनून?" केरबानं विचारलं.

"तुमी इचारलंच नाय."

"मी तुला भाईर काडत व्हतो, बिभीषणा."

"मंग काय करू? मोठ्या भावानं मेंढा मारला, हे गावाला सांगत फिरू? तुमी त्याला हातानं हरभरा चारायचे."

केरबानं घास मोडला. तो तोंडापर्यंत गेला नाही.

घर रिकामं, दार उघडं, आत चुलीचा उजेड. एक मेंढी उठली, दारात उभी राहून तिनं आत पाहिलं आणि गेली. ती गेली म्हणून दुसरी गेली. मेंढरांत याच्यापेक्षा मोठं कारण लागत नाही. बघता बघता अख्खा कळप रांगेनं घरात शिरायला लागला.

"अगं बाई, पीठ!" रत्नमाला ओरडली.

केरबा धावला. उंबऱ्यापाशी पोचला आणि एक पाय वर उचललेला तसाच थांबला.

"हाकल की त्यांना," तो बिभीषणाला म्हणाला. "घर तुझं हाय आता."

बिभीषण बसल्या जागेवरून हलला नाही. "मला एकट्याला नाय हाकलता येत, दादा," तो म्हणाला. "तुमी चला आत."

आत डबा कलंडल्याचा आवाज आला. बानाबाईनं केरबाकडं पाहिलं. केरबानं खंडोबाच्या देवळाकडं तोंड करून हात जोडले. मग डोक्यावरचं मुंडासं काढून काखेत घेतलं, मान खाली घातली आणि मेंढरांच्या रांगेत, दोन मेंढ्यांच्या मधे, त्यांच्यातलाच एक असल्यासारखा वाकून आत गेला.